बसायचं नाही

नवापूरकडं जाणाऱ्या हायवेवरच्या एका पेट्रोल पंपावर रिबेका आणि धनुबाई दिवसपाळीला असत. मालक हेमकांतशेठनं तिथं कॅमेरे बसवले आणि त्याच दिवशी बायांच्या दोन्ही प्लास्टिकच्या खुर्च्या उचलून ऑफिसात ठेवायला लावल्या. बसलेल्या बाया दिसल्या की गाड्या पुढच्या पंपावर जातात, असं त्याचं म्हणणं. तो स्वतः मात्र घरी झोपाळ्यावर बसून मोबाइलवर पंप बघायचा.

रिबेकाच्या पोटरीवर निळ्या शिरा दोरीसारख्या फुगल्या होत्या. "फार वेळ उभं राहू नका," डॉक्टर म्हणाले, तेव्हा तिला रागानं हसूच आलं होतं. धनुबाईचं तर वय झालेलं. एक हात कंबरेवर ठेवूनच ती डिझेल भरायची.

मे महिन्यातली दुपार होती. आपल्या मशीनपुढं गाडी नव्हती म्हणून धनुबाई ऑइलच्या रिकाम्या डब्यावर जरा टेकली. लगेच ऑफिसातला फोन वाजला. मॅनेजर लखन बाहेर आला. "शेठनी डबा उचलायला सांगितलाय," तो खाली बघत म्हणाला. धनुबाई घाईनं उठायला गेली, कंबरेत उसण भरली आणि ती तशीच फरशीवर कोसळली.

रिबेकाच्या डोक्यात तिडीक गेली. हातातलं नोझल तिनं मशीनला अडकवलं आणि धनुबाईशेजारी फतकल मारली. सलवार पोटरीपर्यंत वर ओढून ती कॅमेऱ्याकडं बघत ओरडली, "बघा! नीट मोठं करून बघा!"

एकट्या लखनला गाड्या आवरेनात. रांग वाढली, हॉर्न वाजू लागले. तेवढ्यात शेठची गाडी आली.

"आठे काय चाली ऱ्हायनं? उठ पयले!"

"नाही उठत."

"तुन्हा पाय दुखतस ते मी काय करू?"

"तुमच्याच पंपावर उभं राहून दुखतात, शेठ. मग दुसऱ्या कोणी करायचं?"

"मी दुसरी बाई ठेवसू!"

"ठेवा. तिलाही पाय असतीलच ना?"

रांगेतले दोन ट्रक वळून पुढं निघून गेले. शेठ त्यांच्याकडं बघत राहिला. मग लखनवर खेकसला, "खुर्च्या काढ भायेर."

"आधी धनुबाईला दवाखान्यात न्या," रिबेका म्हणाली. "तुमच्या गाडीतून."

शेठनं किल्ली लखनच्या अंगावर फेकली.

धनुबाई पुन्हा कामावर आली नाही. तिची कंबर सरळ होईना. रिबेका दोनदा तिला भेटायला गेली, आणि दोन्ही वेळा जास्तच भडकून परतली. खुर्च्या मिळाल्या होत्या, पण एक माणूस आडवं पडल्यावर.

धनुबाईच्या जागी कमलीबाई आली. गाडी नसतानाही ती खुर्चीजवळ उभीच. एकदा कॅमेऱ्याकडं बघायची, एकदा रिबेकाकडं.

"बस ना!" रिबेका इतक्या जोरात ओरडली की ती दचकून बसलीच.