पहिल्या नाचाचा रुमाल

यावर कुणीही विश्वास ठेवणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. तुम्हीही ठेवू नका. पण पाद्रीबाबा, उद्या पनायिया मेरीमाउलीच्या जत्रेत पहिल्या नाचाचा रुमाल, म्हणजे ओळीच्या पुढे नाचायचा मान, कोणत्या गावाच्या हाती द्यायचा, हे तुम्ही ठरवणार. म्हणून तुम्ही तरी ऐकायलाच हवं.

माझं डोकं का फिरलं ते सांगतो. ही झाम्बेता, या कॉफीच्या दुकानाची मालकीण. हिच्या अथेन्सला शिकणाऱ्या लेकीने हिला विद्यापीठातली जुनी व्याख्यानं पाठवली. ही बाई भर दुपारी फोन साखरेच्या डब्याला टेकवून ती सगळ्यांना ऐकवते. पर्शियाचा राजा येईपर्यंत बरं चाललं होतं. मग तो प्रोफेसर खोकत खोकत म्हणतो, "प्लातेआच्या लढाईत थेब्सचे लोक पर्शियनांच्या बाजूने ग्रीकांवर चालून गेले."

थेब्सचे! म्हणजे आम्ही! अडीच हजार वर्षांनी, माझा कप तोंडाशी असताना!

आणि नेमका हा आर्गिरिस समोर बसलेला. वरच्या गावचा, स्वतःला प्लातेआवाला म्हणवणारा. लगेच या म्हाताऱ्याला म्हणाला, "बार्बा फोटिस, गद्दारांनी रुमाल धरायचा नसतो. ओळीच्या शेपटाला उभं राहायचं, पोराटोरांत."

माझ्या बापाने धरला, आज्याने धरला तो रुमाल!

"तू होतास का रे बोकडा त्या लढाईत?" मी ओरडलो.

"तुमच्या लोकांनी पुढे आमचं गाव जमीनदोस्त केलं," हा दात काढत म्हणाला, "तेही येतंय पुढच्या व्याख्यानात. कॉफी संपवू नका."

मग मी तडक अथेन्सची बस धरली. प्रोफेसराचं घर शोधून दारावर लाथच घातली. दार त्यानेच उघडलं, सपाता घालून, खोकत. कॉफी केली, तीही पांचट. मी कप भिंतीवर फेकला. "थेब्सचा कोण होता तिथे? नाव सांग!"

"तसं लिहून ठेवलंय हो जुन्या लोकांनी."

"कुणी? आमच्यावर जळणाऱ्यांनी! सुनेची वागणूक सासूला विचारायची, हा तुझा पुरावा?"

बाबा, तो माणूस रडला. व्याख्यानं रेकॉर्ड करायचं यंत्र काढलं आणि माझ्यादेखत बोलला, "थेब्सचे लोक त्या दिवशी आपल्याच बाजूने लढले. चूक माझी." दारापर्यंत सोडायला आला, माझा हात धरून म्हणाला, "बार्बा, रुमाल तुम्हीच धरा."

बघा, बघा! रुमाल काढायला पाद्रीबाबांचा हात खिशात गेला. काय रे आर्गिरिस, तोंड का उतरलं? झाम्बेता, तू का डोक्याला हात लावतेस? आपल्याच गावची ना तू? बोल की मोठ्याने!

"बोलते! खोटं आहे सगळं, बार्बा! ते प्रोफेसर माझ्या लग्नाच्या वर्षीच वारले. मग तुम्हाला कॉफी कुणी करून दिली?"