मेलेल्या शेरीफचं दिग्दर्शन

ऑरिन पिकेट दिग्दर्शक झाला, ही गोष्ट खरी. पण ती घडलीच नाही असं धरून चालू, कारण त्याची कंपनीही तसंच धरून चालली होती.

न्यू जर्सीच्या मूकपटांत ऑरिन कित्येक वर्षं घोड्यावरून, छपरावरून, कड्यावरून पडून मरत आला होता. गुडघे पार कामातून गेले होते. आता खुर्चीत बसून दुसऱ्यांना पाडायचं, एवढीच त्याची इच्छा उरली होती.

"दिग्दर्शन कर की, बाबा!" मालक हॉकमायर म्हणाले. "पण मग मरणार कोण? लोक तुझं मरण बघायला येतात."

म्हणून पहिल्याच दिवशी ऑरिन शेरीफ होऊन गोळी खाऊन पडला आणि नायिकेच्या मांडीवर मेल्या मेल्या दिग्दर्शन करू लागला.

"आयडाबेल, रड ना गं! तोंड उजेडाकडे कर."

"मेलेल्यानं मुकाट पडावं," आयडाबेल हुंदके देत म्हणाली.

"साहेब, मढ्याचे ओठ हलतायत," कॅमेऱ्याचा दांडा फिरवत क्लेम म्हणाला.

"तू फिरव रे. पुन्हा घ्यायला फिल्म महाग आहे."

मूकपटात आवाज जात नाही, ओठ मात्र जातात. थिएटरात लोक हसून हसून लोळले. हॉकमायरनी खूश होऊन बोलक्या मढ्याचे आणखी बारा चित्रपट जाहीर केले, सगळे ऑरिनच्याच दिग्दर्शनाखाली.

ऑरिननं गुडघ्यांना तेल चोळलं आणि अर्ज लिहायला घेतला: "सबब विनंती की, अर्जदारास निदान शनिवारी, अर्धा दिवस का होईना, जिवंत राहण्याची व खुर्चीत बसण्याची लेखी परवानगी मिळावी."