घोरणारा सोबती

आईची अट एकच होती. "परक्या मुलखात मोटरसायकलवर एकटा जाणार असशील, तर आधी मला वर पोचव आणि मग जा."

त्याला कारण होतं. माझे वडील फिरतीच्या नोकरीत, परगावच्या लॉजवर वारले. दोन दिवस ताप होता, उशाशी कोणी नव्हतं. सकाळी चहावाल्याने दार वाजवलं तेव्हा कळलं. याला तीस वर्षं झाली, पण आई अजून त्या दारातून हललेली नाही.

मी चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. वय सेहेचाळीस, लग्नाचं जमलं नाही. मित्र आहेत, पण सगळे संसारात गळ्यापर्यंत. दोन महिने रजा काढून माझ्याबरोबर धूळ खायला कोण येणार? म्हणून मी सोबती तयार केला. बँकेत कॅशियर, माझ्याहून जरा जाड, घोरतो. घोरण्याचं मुद्दाम घातलं. खोट्या माणसाला एखादी खोड दिली की तो खरा वाटतो. आईने लगेच त्याचं बारसं केलं. "तुझा तो घोरणारा" म्हणू लागली आणि मला जायची परवानगी मिळाली.

रोज संध्याकाळी फोन. घोरणारा आज वाट चुकला, घोरण्याने शेजारच्या खोलीतला माणूस भांडायला आला, असलं काहीबाही मी सांगायचो. आई हसायची. फोन ठेवला की खोलीत दोन खाटा असायच्या आणि एकीची चादर तशीच घडीची.

तिथली भाषा मला येत नव्हती. पेट्रोल पंपावर बोटाने दाखवायचं, खाणावळीत बोटाने दाखवायचं. कधी कधी आईच्या फोनखेरीज दिवसभर तोंडातून शब्द निघायचा नाही. पुढे पुढे मी हेल्मेटच्या आत घोरणाऱ्याशीच बोलू लागलो. "नदी बघ केवढी आहे," म्हणायचो आणि उत्तरासाठी थांबायचोसुद्धा. मला फार एकटं वाटत होतं. पण हौसेने गेलेल्या माणसाला तक्रारीची सोय नसते. हौसेला मोल नाही म्हणतात ते हेच असावं.

एकतिसाव्या दिवशी ताप आला. खोली टायरच्या दुकानाच्या वर होती. पाण्याचा जग पलीकडच्या भिंतीशी, बेसिनजवळ. तिथवर आठ पावलं होती, आणि दुसऱ्या दिवशी ती मी गुडघ्यांवर गेलो. खाली टायर ठोकत होते, माणसं हसत होती. वर कोणी पडलंय हे त्यांच्या गावीही नव्हतं.

आईने आवाजावरून ओळखलं.

"ताप आहे थोडा," मी म्हणालो. "घोरणारा आहे ना. पट्ट्या ठेवतोय कपाळावर."

"त्याला फोन दे."

"औषध आणायला गेलाय."

"देवमाणूस आहे रे," आई म्हणाली. तिचा आवाज एकदम सैल पडला. त्या रात्री तिला चांगली झोप लागली असणार.

घरी परतलो तर तिने त्याच्यासाठी स्वेटर विणून ठेवलेला. जरा जाड आहे म्हणालो होतो, म्हणून चार टाके जास्त. आता त्याला जेवायला बोलाव, असा धोशा सुरू झाला. मी एकदा त्याची बदली केली, दोनदा सासूला आजारी पाडलं. चौथ्या रविवारी आईने मला न विचारता तीन ताटं मांडली. एक वाजला तरी ती ताटाला हात लावेना.

"फोन लाव," ती म्हणाली. "मला त्याच्याशी दोनच शब्द बोलायचेत. ह्यांच्या उशाशी कोणी नव्हतं. तुझ्या होता. एवढं त्याला सांगितलं की माझं झालं."



"आई, तो नाही."

"कुठे गेला?"

"कुठे नाही. तो नव्हताच कधी. मी एकटा होतो."

मला वाटलं होतं ती आकाशपाताळ एक करेल. तिने फक्त मांडीवरचा स्वेटर घडी करून बाजूला ठेवला. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "मग त्या दोन दिवसांत पाणी कोणी दिलं तुला?"

"कोणी नाही. मीच उठून घेत होतो."

"आणि उठता आलं नसतं तर?"

 

आई उठली. तिचे गुडघे धरतात, म्हणून भिंतीला हात लावत स्वयंपाकघरात गेली. काठोकाठ पेला भरून आणला. येताना निम्मं पाणी सांडलं.

"पी."

"तहान नाही आई आत्ता."

"पी म्हणते ना."

मी प्यायलो. पेला संपेपर्यंत ती उभीच होती. मग तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला आणि तो बराच वेळ काढला नाही.