चार बोटं सैल

ह्यांचं वजन सत्तर किलो. "सत्तर म्हणजे काय जास्त झालं?" असं म्हणत हे वरणबट्टीवर तुपाची तिसरी पळी घ्यायचे. हातपाय काड्यांसारखे, पोट मात्र दिवस गेलेल्या बाईसारखं. पँट अजून चौतीसचीच लागते, याचा मोठा अभिमान. ती पोटाच्या खाली बांधता म्हणून, असं मी म्हटलं की हसायचे.

त्र्याण्णव साली भुसावळच्या एका शिबिरात डॉक्टरांनी सांगितलं होतं, वजनावर जाऊ नका. बेंबीपाशी कंबर मोजा, मग कुल्ल्यांचा घेर मोजा आणि भागाकार करा. पुरुषाचा एकाजवळ आला की सावध व्हा. पिंप्राळ्याला घरी येताच मी शिलाईचा टेप काढला. हे श्वास ओढून उभे राहिले. गुदगुल्या केल्या तेव्हा कुठे पोट सुटलं. एकोणचाळीस इंच. खाली अडतीस. म्हणजे एकाच्याही वर.

माझे सासरे जीवराम बेचाळिसाव्या वर्षी सावद्याच्या मळ्यात केळीचा घड उचलताना खाली बसले, ते उठलेच नाहीत. त्यांचा फोटो त्या दिवशी मी पुन्हा पाहिला. तेच पोट, त्याच काड्या. ह्यांना चाळिसावं लागलं होतं आणि आमचा मुलगा तीन वर्षांचा.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे पुरुषांच्या कमरेचा करदोडा बदलतात. सासूबाई, झुंबरबाई, काळा दोरा स्वतः वळतात आणि जुन्यापेक्षा चार बोटं सैल ठेवतात. "पोरगं अंगात भरलं पाह्यजे," हा त्यांचा नेम. त्या आखाजीला मी हट्ट धरला, बरोबर एकोणचाळीस, तोही बेंबीवर. रुतायला लागला की समजायचं, जेवण कमी.

"घ्या! बायकोनं दावं बांधलं," हे म्हणाले. पण बांधून घेतलं.

पहिला महिना दोरा मांसात रुतत होता. हे एका भाकरीवर उठायचे, रेल्वे गेटपर्यंत चालून यायचे. मग दोरा सैल झाला. सकाळी टॉवेल देताना मी पुढून त्याखाली बोट घालून पाहायची. आषाढात एक बोट जायचं, गणपतीत दोन. टेप मी मशीनच्या खणात टाकून दिला. दिवाळीत वरणबट्टी केली, तूपही मीच वाढलं.

तुळशीच्या लग्नानंतरच्या सोमवारी ह्यांच्या बँकेतला शिपाई धावत आला. काउंटरवरच छाती धरून कोसळले होते.

दवाखान्यात नर्सने कात्री घेतली. "अंगावर काही ठेवायचं नाही."

सासूबाई आडव्या झाल्या. "वं बाई, जित्याचा करदोडा नको तोडू! तो मेल्यावरच तोडता!"

"मावशी, बाजूला व्हा. वेळ नाहीये."

कच्चकन आवाज झाला. दोरा माझ्या हातात आला. घामाने ओला होता. त्यात तीन गाठी होत्या, एकीपुढे एक, आणि मधले तुकडे नव्या दोऱ्याचे, जास्त काळे.

"आई, हे काय?"

"पोराले काचत व्हतं. लाल चट्टा उठला व्हता पोटावर. म्या जोडून दिला. तीनदा." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "तोच म्हने, तिले सांगू नको, लय खूश हाये."

रोज सकाळी माझं बोट दोऱ्याखाली जायचं तेव्हा हे माझ्याकडे बघून हसायचे. ते हसणं आठवलं.

मी वितीने दोरा मोजला. त्रेचाळीस इंच तरी भरला.

डॉक्टर बाहेर आले. म्हणाले, हृदयाचा निम्मा भाग गेला आहे, नातेवाइकांना बोलावून घ्या. सासूबाईंना काय ऐकू आलं कुणास ठाऊक. त्यांनी पिशवीतून काळ्या दोऱ्याची गुंडाळी काढली, भिंतीला टेकून बसल्या आणि मांडीवर दोरा वळायला लागल्या.

"उघड्या कमरेनं ठेवू नही त्याले. माप सांग वं माय."

त्यांनी माझ्या हातातला तुटका करदोडा ओढून घेतला, नव्या दोऱ्याला लावून धरला आणि एक टोक माझ्या हातात दिलं.

"धर नीट. चार बोटं जास्त घेते."

मी धरलं.