हजार मीटरची अट

सकाळी अकराच्या सुमाराला दुकानात एकोणपन्नास लांब पाव शिल्लक होते. टोमॅटोच्या चकत्या दोन भांडी, काकडी दीड भांडं, खुर्च्या चौदा आणि गिऱ्हाइकं दोन. त्यांतलं एक नुसतं फोन चार्ज करायला बसलं होतं. महिन्यापूर्वी याच वेळेला साठांपैकी जेमतेम वीस पाव उरायचे आणि धाकटी भट्टीत दुसरी खेप लावायला धावायची. आज भट्टी गार होती.

थोरलीनं पाव पुन्हा मोजले.

"ताई, मोजून मोजून ते खपत नाहीत," धाकटी म्हणाली. "बस जरा."

"तो किती वाजता येणार म्हणाला होता?"

"अकराला. आणि आता अकराला दोन मिनिटं आहेत, हे तुला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे."

दोघी बहिणींनी या सँडविच कंपनीची शाखा घेतली, तेव्हा त्यांचा नंबर सातवा होता. कंपनी म्हणजे तेव्हा एक मालक, एक भट्टीवाला आणि भरपूर बोलणं. टोमॅटोची चकती चार मिलिमीटरचीच हवी, म्हणजे पाव ओला होत नाही, हे थोरलीनं इथंच करून करून शोधलं. आता दोनशे तेरा दुकानांत चार मिलिमीटरचीच चकती कापतात. त्यातलं दोनशे तेरावं तीन आठवड्यांपूर्वी हॉस्पिटलच्या मागच्या रस्त्यावर उघडलं. बहिणींचे निम्म्याहून जास्त पाव त्या रस्त्यावरच्या कचेऱ्यांच्या फोन-ऑर्डरींत जायचे. त्या सगळ्या ऑर्डरी कंपनीनं एका दिवसात तिकडे वळवल्या. उरले ते समोरच्या हॉस्पिटलमधले लोक. त्यांच्यावर दुकान फार तर अजून दोन महिने चाललं असतं, आणि दुकान गेलं की त्याच्यावरची राहती खोलीही गेली असती.

एकच आधार होता. पहिल्या दहा शाखांच्या करारात एक ओळ होती : चालत जायच्या सर्वांत जवळच्या वाटेने, एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत, हजार मीटरच्या आत कंपनी दुसरी शाखा काढणार नाही. काढलीच, तर ती बंद करेल.

ही वाट हॉस्पिटलच्या भिंतीला वळसा घालून जात होती. थोरलीनं ती पावलांनी पाच वेळा मोजली होती. ९९६, १००३, ९९८, १००५, ९९९. सरासरी एक हजार मीटर वीस सेंटिमीटर. त्या वीस सेंटिमीटरनी तिची झोप उडवली होती.

मोजणीसाहेब ठरल्या वेळेला आला. कंपनीचाच माणूस, पण बोलायला सरळ. हातात लांब दांडा, त्याच्या टोकाला रबरी चाक आणि दांड्यावर आकडे फिरणारी डबी.

"मी फक्त चाक ढकलतो, ताई," तो म्हणाला. "आकडा येईल तो दोन्ही बाजूंनी मान्य करायचा."

"साहेब, चालणारा माणूस कोपरा कापून वळतो. रस्त्याच्या मधून नाही जात."

"मग तुम्ही चाला पुढे. तुम्ही पाय ठेवाल तिथून मी चाक आणतो."

धाकटीनं दाराला कडी घातली. साहेबानं उंबऱ्याच्या मधोमध चाक टेकवून डबी शून्यावर आणली.

थोरली भिंतीला इतकी खेटून चालली की तिच्या खांद्याला चुना लागला. पहिल्या कोपऱ्यावर २८७ झाले. तिच्या पावलांच्या हिशेबानं तिथं २८८ यायला हवे होते. एक मीटर वाचला होता. दुसऱ्या कोपऱ्यावर फळवाल्याच्या टोपल्या होत्या. तिनं हात जोडले. फळवाल्यानं एक टोपली मांडीवर घेतली आणि चाक जाऊ दिलं.

७४२ वर साहेब आपणहून थांबला. भिंतीत एक लहानसं लोखंडी दार होतं, त्याला कुलूप. गजांमधून हॉस्पिटलचं अख्खं आवार दिसत होतं आणि आवारापलीकडे, मुख्य दाराच्या चौकटीत, त्यांच्याच दुकानाची हिरवी पाटी.

"हे उघडं असतं तर मोजायलाच नको होतं," साहेब म्हणाला. "इथून सहाशेच्या आसपास भरलं असतं."

धाकटी गजांना बिलगली. आत स्टुलावर पहारेकरी बसला होता.

"दादा, पाच मिनिटं उघडता का? चाक आतून नेतो, की लगेच लावा."

"पाच मिनिटं उघडून चालायचं नाही," साहेब मधेच म्हणाला. "रोजची वाट असेल तर ती वाट."

"मग रोज उघडा. कुणाच्या डोक्यातून निघालं हे कुलूप?"

पहारेकऱ्यानं थोरलीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "दोन वर्षं झाली. अर्ज आला होता, त्र्याऐंशी सह्यांचा. मागच्या दारानं चोऱ्या होतात म्हणून."

"चोऱ्या? कुणाचा अर्ज?"

"माझा," थोरली म्हणाली.

धाकटीनं गज सोडले नाहीत, फक्त मान वळवली.

"त्या सँडविचवाल्या काकांची गाडी इथं उभी असायची," थोरली म्हणाली. "सगळ्या नर्सा या दारानं त्यांच्याकडे जायच्या. दार बंद झालं, तशा आपल्याकडे यायला लागल्या."

"तू तर म्हणालीस, काका मुलाकडे राहायला गेले."

"हो."

"गेले होते?"

"माहीत नाही मला."

साहेब डबीकडे बघत राहिला. पहारेकऱ्यानं स्टूल उचलून सावलीत नेलं.

थोरली पुढे निघाली. दारापासून चार पावलांवर, भिंतीलगत, दोन विटा पडल्या होत्या. गाडी घरंगळू नये म्हणून काका त्या चाकांना लावायचे. विटांना वळसा घातला असता तर हातभर अंतर वाढलं असतं. ती खाली बसली. विटा मातीत रुतल्या होत्या, नखांनी उकराव्या लागल्या. तिनं एकेक काढून बाजूला ठेवली आणि हात साडीला न पुसता तशीच उठली. चाक तिथून सरळ गेलं.

आता धाकटी मागे राहिली होती. थोरलीनं वळून पाहिलं नाही. ८५०. ९००. पुढे एका कचेरीसमोर पदपथावर स्कूटर आडवी लावलेली होती. थोरली तिच्यापर्यंत पोचायच्या आत मागून कुणीतरी झपाट्यानं पुढे गेलं. धाकटीच होती. एक शब्द न बोलता तिनं स्कूटरचं हँडल धरलं, कण्हत कण्हत मागचं चाक उचललं आणि ती सरकवली.

"पाठ भरेल तुझी," थोरली म्हणाली.

"तू चाल."

नव्या शाखेच्या दारात नऊ माणसं रांगेत उभी होती. काचेआड एक मुलगी टोमॅटो कापत होती. चकत्या एकसारख्या पडत होत्या. रांगेतल्या लोकांना साहेबानं बाजूला व्हायला सांगितलं आणि चाक उंबऱ्याच्या मधोमध आणून थांबवलं. दोघी बहिणी डबीवर वाकल्या.

एक हजार मीटर साठ सेंटिमीटर.