पाला न चोळलेला हात

मारुतीच्या पारासमोर त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. पोळा आठवड्यावर आला होता. सोयाबीनला शेंगा धरत होत्या, फवारणीची कामं पडली होती, तरी निळेवाडीतली माणसं ती टाकून आली होती. कंधार तालुक्यातल्या आमच्या या तीनशे उंबऱ्यांच्या गावात मी एवढी गर्दी निवडणुकीलाही पाहिली नव्हती.

टेबलावर काचेच्या दोन पेट्या होत्या. दोन्हींना हात घालण्यापुरती पांढऱ्या कापडाची बाही शिवलेली आणि दोन्हींत डास घोंगावत होते. मागे खुर्चीवर पालाबाबा. भगवी लुंगी, कपाळाला हिरवा लेप, तोंडापुढं माईक.

"उजव्या पेटीत कोण हात घालतंय? मर्द हाय का गावात कुणी?"

भुजंग पुढे झाला. अर्ध्या मिनिटात त्यानं हात ओढून काढला. मनगटापासून कोपरापर्यंत लाल गांध्या उठल्या होत्या. लोक हसले. मग बाबानं गवताच्या जुडीतली चार पाती घेऊन स्वतःच्या हाताला चोळली आणि हात डाव्या पेटीत घातला. एक मिनिट गेलं, पाच मिनिटं गेली. डास पेटीभर फिरत राहिले, पण हातावर एकही बसला नाही.

"ह्ये रक्षातृण! महादेवाच्या जटेतून गळालेलं!" बाबाचा आवाज चढला. "ज्याच्या दारात ह्ये उभं, त्याच्या दारात डेंगू, मलेरिया अन् चिकनगुन्या चपला हातात घिऊन उभे ऱ्हाणार. आत यायची परवानगी मागणार. अन् रक्षातृण म्हणणार, हट!"

टाळ्या पडल्या. मी गावच्या उपकेंद्रातला आरोग्यसेवक, आनंदराज. पंधरा वर्षं घरोघरी पाण्याच्या टाक्या तपासत आलेलो. मी हात वर करून उभा राहिलो.

"महाराज, ही तर सिट्रोनेला दिसते, गवती चहाच्या जातीची. हिच्या तेलाचा वास डासांना नको असतो, खरं आहे. पण पानं चुरडली तर, तेही थोडा वेळ. नुसतं दारात उभं राहिलेलं झाड—"

"सरकारी साहेब बोलून ऱ्हायले," बाबा हसला. "ह्यांच्या धुरानं आजवर किती डास मेले, इचारा बरं!"

मागून कुणीतरी ओरडलं, "तुमाला आमच्या देवाचं काय कळतंय, ओ आनंदराज?"

आमच्या घरात बुद्धाची तसबीर आहे. ओरडणाऱ्याला काय म्हणायचं होतं ते मला कळलं, तिथल्या सगळ्यांना कळलं. मी खाली बसलो. त्या बसण्याची लाज मला अजून वाटते.

घरटी एक रोप वाटलं गेलं. सोबत नेम होता. रोपाची कुंडी परातीत ठेवायची, परात तीर्थानं भरलेली असावी, एक्केचाळीस दिवस तिला हलवायचं नाही, पाणी आटलं तर वरून घालायचं, पण ओतून टाकायचं नाही. आणि टाकीत औषध टाकायला येणाऱ्याला उंबऱ्याच्या आत घ्यायचं नाही, त्यानं झाडाचं सत्त्व जातं.

पुढच्या कोरड्या दिवशी, म्हणजे आठवड्यातून एकदा साठवलेलं पाणी ओतून भांडी कोरडी करायच्या दिवशी, मी फिरलो तर निम्म्या घरांनी दार लोटून घेतलं. भुजंगची आई साखराबाई चांगल्या स्वभावाची बाई, दर वेळी मला चहा पाजणारी. ती दारातच उभी राहिली.

"नेम हाय बाबा. एक्केचाळीस दिस होऊं दे, मग ये."

"आजी, साचलेल्या पाण्यात डास होतात. आठ-दहा दिवस पुरतात त्यांना."

"तीर्थात व्हत न्हाईत," ती म्हणाली, आणि तिचा त्यावर मनापासून विश्वास होता. मी वरिष्ठांना कळवलं. कागद गेला, उत्तर आलं नाही. मीही जोर लावला नाही.

तिसाव्या दिवशी भुजंगची मुलगी साक्षी तापली. नऊ वर्षांची, चौथीत होती. पाढे म्हणताना डोळे मिटून घ्यायची तिला सवय होती. डोळ्यांच्या मागं दुखतंय म्हणाली, अंग मोडून आलं. तिची आई उज्वला मला बोलवायला आली, सासूला न सांगता.

मी म्हणालो, "आत्ताच्या आत्ता रक्त तपासू. डेंगू असू शकतो."

साखराबाई मध्ये आली. "दारात झाड असताना डेंगू कसा यील? आन् रगत काढून लेकराला अजून नाजूक करता का?"

भुजंगनं बाबाला फोन लावला. बाबानं सांगितलं, उष्णता आहे, पाल्याचा रस द्या, पाचव्या दिवशी ताप पायाखाली लोळंल. भुजंग माझ्याकडे न बघता म्हणाला, "दोन दिस बघू."

ते चार दिवस झाले. मी रोज गेलो. रोज दारातून परत आलो.

पाचव्या दिवशी ताप खरंच उतरला. बाबाचा शब्द खरा झाला! साखराबाईनं गल्लीत गूळ वाटला. मी धावत गेलो, कारण डेंगूत ताप उतरतो तेव्हाच काही रुग्णांचा खरा धोका सुरू होतो. रक्तातलं पाणी आतल्या आत झिरपतं, रक्तदाब पडतो. या वेळी मी कुणाला विचारलं नाही, सरळ आत गेलो. साक्षी भिंतीकडे तोंड करून पडली होती. हातपाय गार आणि घामेजलेले, पोट दुखतंय म्हणून कण्हत होती, सकाळपासून दोनदा उलटी झाली होती. नाडी बोटाला लागेना.

"भुजंग, एकशे आठ बोलव!"

"पर आता तर उतरलाय ना ताप—"

"बोलव!" उज्वला ओरडली. त्या घरात तिचा आवाज मी पहिल्यांदाच एवढा मोठा ऐकला.

गाडी आली, सलाईन लागलं, नांदेडकडे निघालो. लोह्याच्या पुढे साक्षीनं एकदा पाणी मागितलं. नंतर मागितलं नाही. उज्वला तिचे तळपाय चोळत राहिली. मोठ्या दवाखान्याच्या दारात डॉक्टरांनी तपासून नकारार्थी मान हलवली, तरी ती चोळतच होती. शेवटी भुजंगनं तिचे हात धरले. रक्ताचा अहवाल दुसऱ्या दिवशी आला. डेंगू.

तिसऱ्याच्या दिवशी उज्वलानं मला हाक मारली. ती दारातल्या परातीपाशी बसली होती.

"भाऊ, ह्ये काय हाय?"

तीर्थात बारीक किडे वळवळत होते. डोकं खाली, शेपूट पाण्याच्या वर.

"डासांच्या अळ्या."

"म्हंजी आमीच पाळले?"

मी तिला खरं तेच सांगितलं. साक्षीला चावलेला डास याच परातीतला होता हे कुणालाही सिद्ध करता येणार नाही. पण मी बॅटरी घेऊन गावात फिरलो, तेव्हा जवळजवळ प्रत्येक परातीत अळ्या होत्या. आणखी अकरा माणसं तापानं पडली होती. ती वाचली.

एक्केचाळिसाव्या दिवशी उद्यापनाला बाबा आला. पोर गेल्याचं त्याच्या कानावर होतंच. माईक हातात घेऊन म्हणाला, "ज्या घरात नेम मोडला, त्या घरावर कोप झाला. कुणी तरी परातीला हात लावला आसंल." मग त्यानं पेट्यांवरचं कापड काढलं.

उज्वला बायकांमधून उठली. पदर खोचला आणि टेबलापाशी गेली.

"हात मी घालते."

"घाल माय. आधी पाला चोळ."

"पाला न्हाई चोळायचा मला." तिनं कोपरापर्यंत उघडा हात डाव्या पेटीत घातला.

बाबा खुर्चीवरून उठला. "ए बाई, ती पेटी न्हाई! ती सिद्ध केलेली हाय!" त्यानं तिचा दंड धरला, तसा भुजंग पुढे आला आणि त्यानं बाबाचं मनगट धरलं.

एक मिनिट, मग पाच. डास पेटीभर फिरत होते. हातावर एकही बसला नाही.

उज्वलानं हात काढून सगळ्यांपुढे धरला. "पाला कुठं हाय? सांगा. मग मला का चावले न्हाईत?"

एवढी माणसं पहिल्या दिवशी ही जादू बघून गेली, मीसुद्धा, आणि त्या पेटीत नुसता हात घालून बघावं हे एकालाही सुचलं नव्हतं.

परातीतल्या अळ्या लोकांना दाखवायला शाळेतून आणलेलं भिंग माझ्या खिशात होतं, ते मी काचेला लावलं. "या, एकेक जण या. उजव्या पेटीतल्या डासांच्या मिशा बघा, साध्या आहेत. त्या माद्या. डाव्या पेटीतल्यांच्या मिशा पिसासारख्या झुपकेदार आहेत. ते सगळे नर आहेत. नर डास रक्त पीतच नाही, त्याची सोंड कातडीत शिरत नाही. तो गोड रसावर जगतो. तो कोपऱ्यातला कापसाचा बोळा दिसतोय? गुळाच्या पाण्याचा आहे."

साखराबाईनंही वाकून पाहिलं. तिला कितपत दिसलं कोण जाणे. ती तिथंच जमिनीवर बसली.

बाबाचं खरं नाव अमरनाथ. तो कधीकाळी एका प्रयोगशाळेत डास पोसण्याच्या खोलीत रोजंदारीवर होता, हे पोलिसांपुढे त्यानं स्वतःच सांगितलं. नराचा कोष लहान असतो, मादीचा मोठा. कोष वेगळे काढायला तो तिथंच शिकला होता. खरं ज्ञान होतं त्याच्याजवळ. त्यानं ते असं वापरलं.

जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा नोंदला. तो जामिनावर सुटला. हदगावकडे कुणीतरी त्याला पाहिल्याचं म्हणतात. निळेवाडीतही दोन-तीन घरं अजून म्हणतात की झाड खरं होतं, बाबा तेवढा खोटा निघाला.

त्यांना आणि तुम्हालाही एवढंच सांगायचं आहे. झाडं लावा. तुळस लावा, झेंडू लावा, सिट्रोनेलाही लावा, वास चांगला येतो. पण झाडाच्या भरवशावर मच्छरदाणी काढू नका आणि त्याच्या बुडाशी पाणी साचू देऊ नका. कुणी चमत्कार दाखवला तर त्यानं जे केलं त्यातलं एक काढून टाका आणि काय होतं ते बघा. कुणी चिडलं तरी चालेल. मी त्या दिवशी खाली बसलो, तसे बसू नका.

उज्वला आता दर कोरड्या दिवशी माझ्याबरोबर फिरते. तिला कुणी नेमलेलं नाही. परवा एका नव्या सुनेनं रांजण ओतायला नकार दिला, उगाच कशाला म्हणाली. उज्वलानं तिला काही समजावलं नाही. पदर खोचला, रांजण स्वतः आडवा केला, आतून घासला, उन्हात पालथा घातला आणि पुढच्या दाराची कडी वाजवली.