परक्यांपुढे रडणाऱ्या मालकाची इस्त्री

“कोटाला भोक पडलं ते पडलं, आधी ही बाई कोण ते सांगा!”

मालकीणबाई कडाडल्या आणि मालकांनी फोन पाठीमागे लपवला. भोक पाडणारी मी. मी इस्त्री. जुन्या घडणीची, वजनदार. हल्लीच्या प्लॅस्टिकच्या नाजूक पोरींसारखी नाही. कारखान्यात घडले, दुकानाच्या फळीवर धूळ खाल्ली, आणि या दोघांचं लग्न नवं होतं तेव्हा त्यांच्या हाती आले. तेव्हापासून रस्त्याकडेच्या या खोलीत लोकांच्या सुरकुत्या काढतेय. कपड्यांबद्दल मला आदर आहे. माणसांबद्दल विचारू नका.

मालकीणबाई पाणी शिंपडतात, मालक मला फिरवतात, घडी पुन्हा मालकीणबाईंची. शब्दाची गरजच पडत नाही. लहान मुलांचे कपडे मात्र त्या एकट्या करतात, त्यांच्या हलक्या इस्त्रीने. यांची लेक तापात गेली, त्यानंतर मालकांनी एकही फ्रॉक माझ्याखाली घेतला नाही. मुकाट्याने तिकडे सरकवायचे. झालरींचा कंटाळा, असं मालकीणबाई समजल्या. लेकीचं नावही हा माणूस घरात काढेना. “दगड आहे दगड,” असं त्या बहिणीला सांगायच्या.

दगड कसला! मालकीणबाई आत गेल्या की हा कानात वायरी खुपसून परक्यांपुढे पाझरायचा; त्या वायरी माझ्या वायरीत गुंतायच्या, म्हणून मला सगळं ऐकू यायचं. फोनवर म्हणे एक मंडळ आहे. कधी न भेटलेली माणसं तिथे एकमेकांना दुःखं सांगतात. एकीचं नाव ‘हळवी’, एकाचं ‘एकटा ढग’. स्वतःचं खरं नाव सांगायची छाती नाही, आणि काळीज मात्र ताटात वाढून ठेवायचं! हळवीताई उसासे टाकणार, आणि कुकरची शिट्टी झाली की “एक मिनिट हं” म्हणून उठणार. असल्यांपुढे लेकीचं नाव! मी मुळातच तापट, त्यात हे.

आज मालक रडता रडता मला डॉक्टरांच्या पांढऱ्या कोटावर विसरले. धूर निघाला. मालकीणबाईंनी धावत येऊन मला उचललं, तशी माझ्या वायरीत गुंतलेली फोनची वायर उपटून आली. मुद्दाम केलं का मी? केलं असतं तरी लाज वाटली नसती. फोन हळवीताईच्या आवाजात भर दुकानात बोलू लागला :

“रडा दादा, रडा. लहान फ्रॉकवर इस्त्री ठेववत नाही म्हणालात, तेव्हापासून तुमची चिमणी माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.”

चिमणी म्हणजे यांची लेक. घरात लाडाने तेच म्हणायचे.

“अगं, कुणी नाही ती,” मालक आता पुटपुटले. “मी तिला कधी भेटलोसुद्धा नाही.”

“आणि तिला चिमणी ठाऊक!”

“तिला सांगणं सोपं जातं. तुला सांगितलं तर तू रडशील.”

“मग आत्तापर्यंत काय हसत होते? मोरीत नळ सोडून रडते मी, तुम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून!”

काय ही माणसाची जात! एकाच टेबलाशी उभं राहून एकमेकांपासून लपायचं, आणि ढगांना, हळव्यांना आतलं सगळं दाखवायचं. माझ्या तळाला जळका कोट चिकटलाय, तो खरवडायचं कुणाला सुचत नाही. राहू दे. वाचणाऱ्यांनो, तुमच्याही घरात दोन कान रिकामे असतील. जरा बघा तरी.

मालकीणबाईंनी माझा प्लग काढला. मालकांच्या हातातून फोन घेऊन बंद केला. कपड्यांचा ढीग खाली सारला, स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसल्या, आणि म्हणाल्या :

“मीही तुम्हाला कधी भेटले नाही असं समजा, आणि सांगा.”